शेजारचा दिवा

आजचा विषय थोडा रुक्ष वाटेल, पण पायी चालणाऱ्यांच्या जिवाशी त्याचा संबंध आहे. सिग्नलचा दिवा कोणाला दिसावा आणि कोणाला दिसू नये, हा तो विषय.

तुम्ही म्हणाल, दिवा सगळ्यांनाच दिसायला हवा, यात विचार कसला करायचा? माझं मत वेगळं आहे. ज्याचा दिवा त्यालाच दिसावा.

पुण्यातल्या कुठल्याही चौकात पाहा. थांबलेल्या दुचाकीवाल्यांचं लक्ष आपल्या दिव्याकडे नसतंच, ते असतं आडव्या रस्त्याच्या दिव्याकडे. तिकडे पिवळा झाला की इकडे गाड्या गुरगुरायला लागतात, आणि तांबडा झाला की सुटल्याच! आपला हिरवा अजून लागायचा असतो.

एका रस्त्याचा तांबडा लागल्यावर दुसऱ्याचा हिरवा लागेपर्यंत एक-दोन सेकंद सगळीकडेच तांबडा ठेवण्याची पद्धत आहे. चौकात अडकलेली गाडी बाहेर पडावी, रस्ता ओलांडणारं म्हातारं माणूस पलीकडे पोचावं, म्हणून हे सेकंद राखलेले असतात. शेजारचा दिवा पाहून निघणारा नेमके तेच खातो. माझा एक गुडघा बदललेला आहे, त्यामुळे मला त्या सेकंदांची किंमत चांगलीच कळते.

आम्ही शिक्षक परीक्षेच्या वेळी काय करायचो? "शेजारच्याच्या पेपरात पाहू नका" असं सांगून भागत नसे. बाकं लांब लांब ठेवावी लागत. सिग्नललाही असंच काहीतरी करता येतं. अमेरिकेत रस्त्यांच्या आखणीचं काम करणाऱ्या माझ्या भाच्याने हे मला समजावून सांगितलं.

दिव्यावर जो छोटा छज्जा असतो, तो मुख्यतः उन्हासाठी. सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन काचेत शिरलं की बंद दिवाही पेटल्यासारखा दिसतो. हाच छज्जा लांब करून नळीसारखा गोल केला की बाजूने दिसणं कमी होतं. त्यात खिडकीच्या झडपांसारख्या उभ्या पट्ट्या बसवल्या, की समोरच्याला दिवा दिसतो आणि बाजूच्याला अंधार. थोडा उजेड त्या पट्ट्या खातात, तेवढा दिवा प्रखर हवा.

तिसरा प्रकार मला फार आवडला. अमेरिकेतल्या थ्री-एम कंपनीने गेल्या शतकात असा सिग्नल काढला, की मागून उघडून आत पाहिलं तर समोरच्या रस्त्याचं उलटं चित्र काचेवर दिसतं. ज्या भागाला दिवा दिसायला नको, चित्रातला तेवढा भाग चिकटपट्टीने झाकायचा. झालं! फक्त सिग्नल घट्ट बसवायला हवा, वाऱ्याने हलला की सगळा हिशेब चुकतो.

जिथे रस्ते तिरके मिळतात तिथे याचा खरा उपयोग. आपल्या अलका टॉकीज चौकात लक्ष्मी रस्ता, टिळक रस्ता, शास्त्री रस्ता आणि लकडी पूल एकत्र येतात. अशा ठिकाणी नवख्या माणसाला आपला दिवा कोणता हेच पटकन कळत नाही.

काहीजण म्हणतील, आपल्याकडे समोरचा तांबडा दिसूनही लोक थांबत नाहीत, पट्ट्यांनी काय होणार? खरं आहे. पण मुद्दाम नियम मोडणारे थोडे असतात. बाकीचे केवळ शेजारचा दिवा दिसतो म्हणून निघतात. निदान तो मोह तरी टळेल.

मात्र एक गोष्ट आधी व्हायला हवी. आपल्या कितीतरी चौकांत पायी चालणाऱ्यांसाठी वेगळा दिवा नाही, असला तरी बंद असतो. आम्ही बाजूला उभे राहून तिरक्या नजरेने गाड्यांचाच दिवा पाहतो. उद्या पट्ट्या बसवल्या तर तोही आम्हाला दिसणार नाही. म्हणून आधी पादचाऱ्यांचा दिवा, मग पट्ट्या. आणि त्या दिव्याची वेळ आमच्या चालीने ठरवा. अमेरिकेच्या नियमावलीत पूर्वी माणूस सेकंदाला ४ फूट चालतो असं धरत, २००९ साली ते ३.५ फूट केलं. हे अर्धं फूट ऐकायला किरकोळ वाटतं, पण माझ्या वयात ते मोठं असतं.

असो. उद्या तुमच्या चौकात पाच मिनिटं उभे राहा आणि थांबलेल्या लोकांच्या नजरा कुठे आहेत ते पाहा. काय दिसलं ते मला जरूर कळवा.