४०९६ कुणी सांगितलं?

तुमच्या लॅपटॉपवर लिनक्स असेल तर एक नवी फाइल बनवा, तिच्यात एकच इंग्रजी अक्षर टाइप करा आणि सेव्ह करा. फाइल झाली एक-दोन बाइटची. आता डिस्कला विचारा, बाई, हिने जागा किती खाल्ली? उत्तर बहुधा येईल ४ केबी, म्हणजे ४०९६ बाइट. तीच फाइल पेन ड्राइव्हवर टाका आणि पुन्हा बघा. तिथे १६ केबी दिसेल, नाहीतर ३२ केबी. पेन ड्राइव्ह कसा फॉरमॅट केलाय त्यावर ते ठरतं. (विंडोजवाल्यांनो, तुमच्या सी ड्राइव्हवर कदाचित शून्य दिसेल. एनटीएफएस अगदी चिमुकल्या फाइलींना वेगळी जागा न देता स्वतःच्या नोंदवहीतच लिहून टाकतो.)

कारण साधं आहे. चहापुरतं कपभर दूध हवं असलं तरी दुकानदार अर्ध्या लिटरची पिशवीच देतो, फोडून देत नाही. फाइलसिस्टीमही डिस्कवरची जागा सुटी देत नाही, पिशवीच्या मापात देते. त्या मापाला म्हणतात ब्लॉक. आणि हे माप सगळीकडे सारखं नसतं. लिनक्सच्या ईएक्सटी४ मध्ये ते १ केबी, २ केबी, ४ केबी असू शकतं, काही मशीनवर ६४ केबीसुद्धा. पण आपल्या सगळ्यांच्या लॅपटॉपवर ते ४ असतं, म्हणून आपल्या डोक्यातही ४ बसलंय. कॉलेजात फाइल वाचायचा प्रोग्रॅम लिहिताना बफरचा आकार ४०९६ का टाकला, असं ओरलला कुणी विचारलं होतं का तुम्हाला? मला नव्हतं विचारलं. विचारलं असतं तर ‘सर, तसंच असतं’ हेच उत्तर होतं माझ्याकडे.

तो प्रश्न मला पुढे नोकरीत विचारला गेला. पुण्यात स्टोरेजच्या सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्या बऱ्याच कंपन्या आहेत, त्यातल्याच एकीत मी फ्रेशर म्हणून लागलो. काम होतं टेस्ट चालवायचं. लिनक्सच्या फाइलसिस्टीम तपासायला एक मोठा संच आहे, एफएसटेस्ट्स नावाचा. मुळात तो एसजीआय कंपनीच्या एक्सएफएससाठी लिहिला गेला, म्हणून त्याला एक्सएफएसटेस्ट्स असंही म्हणतात. आज ईएक्सटी४, बीटीआरएफएस असे सगळेच तो वापरतात. रचना आपल्या प्रॅक्टिकलसारखीच. प्रत्येक टेस्ट ही एक शेल स्क्रिप्ट, आणि तिच्या शेजारी एक ‘आउट’ फाइल, म्हणजे नमुना उत्तर. स्क्रिप्ट चालते, तिचं आउटपुट नमुन्याशी ताडून बघितलं जातं, एका ओळीचा जरी फरक पडला तरी टेस्ट नापास.

एक दिवस ६४ केबी ब्लॉक असलेल्या सर्व्हरवर हा संच चालवला आणि लालेलाल झाला. त्यातली एक टेस्ट सांगतो, म्हणजे घोळ कळेल. ती १६ केबीची फाइल भरून लिहायची आणि मग तिच्यात ४ केबीपासून ८ केबीपर्यंत भोक पाडायची. भोक पाडणं म्हणजे मधला डेटा काढून टाकून ती जागा डिस्कला परत देणं. लिनक्समध्ये तशी सोय आहे. मग टेस्ट फाइलचा नकाशा छापायची. नमुना उत्तर होतं: ० ते ४ डेटा, ४ ते ८ रिकामं, ८ ते १६ डेटा. ४ केबी ब्लॉकवर बरोब्बर हेच येतं. पण जिथे ब्लॉकच ६४ केबीचा, तिथे अख्खी फाइल एकाच पिशवीत. पिशवी मधूनच कापून दुकानदाराला परत कशी देणार? तिथे फाइलसिस्टीम तेवढ्या बाइट्सवर शून्यं लिहिते आणि जागा स्वतःकडेच ठेवते. तिने नियम पाळलाय. नकाशात मात्र रिकामं काहीच दिसत नाही. टेस्ट नापास.

मी काय केलं? त्या मशीनवर जे आउटपुट आलं ते उचललं आणि नमुना उत्तराच्या फाइलमध्ये चिकटवलं. झालं हिरवं! संध्याकाळी तीच टेस्ट माझ्या ४ केबीच्या मशीनवर लाल झाली. मग मी दोन नमुने ठेवले, ४ साठी एक आणि ६४ साठी एक. टीममधल्या सीनियरने ते बघितलं आणि म्हणाली, “अरे, उत्तर बघून उत्तरपत्रिका बनवलीस होय? आणि उद्या १६ आलं की तिसरी काढणार?” मी म्हटलं, “मग काय करू?” ती म्हणाली, “भोक पाडल्यावर काय खरं असायला हवं ते मला मराठीत सांग. आकडा न वापरता.”

मला सांगता येईना. अर्धा दिवस मॅन्युअल वाचलं. शेवटी कागदावर तीन वाक्यं आली. भोकाच्या जागी वाचलं तर शून्यं मिळाली पाहिजेत. भोकाच्या दोन्ही बाजूंच्या डेटाला धक्का लागता कामा नये. आणि जे ब्लॉक अख्खेच्या अख्खे भोकात येतात ते परत मिळाले पाहिजेत. या तीन वाक्यांत ४ नाही, ६४ नाही. मग स्क्रिप्ट बदलणं सोपं होतं: आधी फाइलसिस्टीमला तिचा ब्लॉक साइझ विचारायचा, चार ब्लॉक लिहायचे, दुसरा ब्लॉक काढायचा आणि नकाशा बाइटमध्ये न छापता ब्लॉकच्या क्रमांकात छापायचा. आता नमुना एकच. पहिला डेटा, दुसरा रिकामा, तिसरा-चौथा डेटा. १ केबीवर चालवा नाहीतर ६४ वर.

माझं म्हणणं असं आहे की टेस्ट अशीच लिहायला हवी. त्यापेक्षा सोप्या दोन पळवाटा आहेत आणि दोन्ही आपल्याला शाळेपासून तोंडपाठ आहेत. पहिली म्हणजे चॅप्टर ऑप्शनला टाकणं. स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच लिहायचं, ब्लॉक ४०९६ नसेल तर ही टेस्ट चालवू नका. एफएसटेस्ट्समध्ये तशी अधिकृत सोय आहे आणि कधीकधी ती योग्यही असते. एखादी गोष्ट ठरावीक मापावरच घडत असेल तर तसं कारण लिहून टेस्ट वगळावी. पण ‘जमत नाही म्हणून वगळली’ हे कारण नव्हे. दुसरी पळवाट म्हणजे ग्रेस मार्क. आउटपुट ताडण्याआधी ते एका गाळणीतून काढतात, म्हणजे बदलणारे फालतू तपशील जातात. या गाळणीची जाळी जरा मोठी केली की कुठलाही आकडा पास होतो. खरा बगसुद्धा.

आणि इथे बग म्हणजे स्क्रीनवरचं बटण हलणं नाही. डिसेंबर २०२३ मध्ये डेबियनने आपली १२.३ ही आवृत्ती ऐन वेळी थांबवली, कारण तिच्यातल्या कर्नलमध्ये ईएक्सटी४ चा डेटा खराब करणारी चूक सापडली. थेट १२.४ काढावी लागली. त्या चुकीचा ब्लॉक साइझशी काही संबंध नव्हता, पण फाइलसिस्टीम चुकली की कुणाच्या तरी फाइली जातात, एवढं त्यावरून कळावं. आता विचार करा, मोठ्या ब्लॉकच्या मशीनवर चाळीस टेस्ट नेहमीच लाल असतात, कारण काय तर ४०९६. सगळ्यांना सवय झालीय. एके दिवशी एक्केचाळिसावी लाल होते आणि ती खरी असते. कोण बघणार तिच्याकडे?

‘पण ६४ केबी वापरतंय कोण?’ हा प्रश्न मीही विचारला होता. इथे ब्लॉकचा एक चुलतभाऊ मध्ये येतो, त्याचं नाव पेज. प्रोसेसर मेमरीसुद्धा ठरावीक मापातच हाताळतो. इंटेल आणि एएमडीवर ते पेज ४ केबीचं. एआरएमवर ४, १६ किंवा ६४ असू शकतं, पॉवर सर्व्हरवर ६४ सर्रास असतं आणि एम मालिकेच्या चिपवाल्या मॅकमध्ये १६. बीटीआरएफएसमध्ये बरीच वर्षं अशी गंमत होती की ६४ केबी पेजच्या मशीनवर फॉरमॅट केलेली डिस्क ४ केबीच्या मशीनवर माउंटच व्हायची नाही. लिनक्समध्ये ब्लॉक पेजपेक्षा मोठा चालायचा नाही. एक्सएफएससाठी ही मर्यादा उठली ती ६.१२ या कर्नलमध्ये, नोव्हेंबर २०२४ ला. आणि तुमच्या खिशातलंच उदाहरण हवं असेल तर अँड्रॉइड १५ पासून १६ केबीची पेजं आली. त्या आवृत्तीसाठी येणारी नवी अ‍ॅप्स आणि अपडेट्स १६ केबीवर चाललीच पाहिजेत, अशी अट गुगल प्लेने १ नोव्हेंबर २०२५ पासून घातली. निव्वळ कोटलिन किंवा जावामध्ये लिहिलेल्यांना फारसा त्रास नाही. पण सी किंवा सी++ ची लायब्ररी जोडणाऱ्यांना आपल्या कोडमध्ये ४०९६ कुठे लपलाय ते शोधत बसावं लागलं.

माझ्या बाजूचं सगळंच बरोबर आहे असं नाही. आकडे काढून सगळीकडे व्हेरिएबल टाकले की टेस्ट वाचायला अवघड होते, ही तक्रार खरी आहे. ‘४ केबीला भोक पाड’ हे झटकन कळतं, ‘एक गुणिले ब्लॉक साइझला पाड’ वाचताना डोकं थांबतं. म्हणून काही जण मधला मार्ग काढतात आणि सगळं ६४ केबीच्या पटीत लिहितात. १, २, ४, १६ या सगळ्यांनी ६४ ला भाग जातो, त्यामुळे एकच आकडा सगळीकडे चालतो. चलाखी चांगली आहे. पण ४ केबीच्या डिस्कवर ६४ चं भोक म्हणजे सोळा ब्लॉकचं भोक. एका ब्लॉकच्या काठावर जी चूक होते ती तिथे कदाचित दिसणारच नाही. माझ्या पद्धतीतही खड्डा आहे. सगळं ब्लॉकच्या मापात मोजलं की प्रत्येक भोक ब्लॉकच्या काठावरच पडतं. अर्ध्या ब्लॉकचं भोक पाडलं तर शेजारचा डेटा वाचतो का, हे कुणी तपासायचं? त्यासाठी वेगळी टेस्ट मुद्दाम वाकडी लिहावी लागते. मी ती लिहायला विसरलो होतो, सीनियरने आठवण केली.

हे सगळं तुम्हाला का सांगतोय? कारण या कामाला महागडा सर्व्हर लागतो असं मला वाटायचं, आणि ते चूक निघालं. जास्त अवघड बग दडतात ते ब्लॉक पेजपेक्षा लहान असतो तिथे. एका पेजमध्ये अनेक ब्लॉक असतात, त्यातला एक बदललेला, दुसरा नाही, तिसरा अजून डिस्कवरून वाचलेलाच नाही, आणि प्रत्येकाचा हिशेब वेगळा ठेवायचा. ६४ केबी पेजच्या सर्व्हरवर ४ केबीचा ब्लॉक असला की ही परिस्थिती येते. पण तुमच्या साध्या लॅपटॉपचं पेज ४ केबीचं आहे ना? मग त्यावर १ केबी ब्लॉकची ईएक्सटी४ बनवा. परिस्थिती तीच! एका पेजमध्ये चार ब्लॉक. हॉस्टेलच्या खोलीत बसून, सेकंडहँड लॅपटॉपवर, कुणाची परवानगी न घेता.

फक्त एक करा, हे सगळं व्हर्च्युअल मशीनमध्ये करा. एफएसटेस्ट्सला दोन डिस्क द्याव्या लागतात आणि त्यातली ‘स्क्रॅच’ नावाची ती पुन्हा पुन्हा फॉरमॅट करते. चुकून स्वतःचं पार्टिशन दिलंत तर सेमिस्टरच्या नोट्स, प्रोजेक्ट आणि गोव्याचे फोटो, सगळं गेलं. दोन रिकाम्या मोठ्या फाइली बनवून त्याच डिस्क म्हणून जोडता येतात, तेवढं पुरतं.

आमच्या प्रॅक्टिकलला जर्नलमध्ये आउटपुट चिकटवायचो. मागच्या बॅचच्या जर्नलमधून उतरवलेलं, ते त्यांनी त्यांच्या मागच्या बॅचकडून घेतलेलं. एक्स्टर्नल यायचे, आउटपुट जुळतंय बघायचे, सही करायचे. माझी शिक्षकांना एकच सूचना आहे. ऑपरेटिंग सिस्टीमच्या प्रॅक्टिकलला मुलांना त्यांचाच प्रोग्रॅम १ केबी ब्लॉकच्या डिस्कवर चालवायला लावा, आणि आउटपुट बदललं तर ते बरोबर की चूक एवढंच विचारा. पाच मिनिटांची ओरल होईल, पण त्यात जर्नलमधून उतरवण्यासारखं काही नसेल.

आणि तुम्ही, त्याआधी, टर्मिनल उघडून ‘गेटकॉन्फ पेजसाइझ’ विचारा. ४०९६ येईल. मग वर्गात ज्याच्याकडे एम मालिकेचा मॅक आहे त्याला गाठा आणि त्याच्याकडेही तेच विचारा. तिथे १६३८४ येईल. मग दोघं मिळून मागच्या सेमिस्टरचा मिनी प्रोजेक्ट उघडा आणि ४०९६ सर्च करून बघा, किती वेळा सापडतो ते.