चेंबर निर्दोष आहे!

मंडळी, आमच्या वाशिम जिल्ह्यात गाडीखाली ऑइलचा थेंब दिसला की खटला चालतच नाही, थेट निकाल लागतो. "चेंबरचं पॅकिंग गेलं भाऊ!" रिसोड असो, मंगरूळपीर असो की कारंजा, निकाल तोच. शिक्षाही ठरलेली. ऑइल काढा, चेंबर खोला, नवं पॅकिंग टाका, वरून सिलिकॉन थापा. महिन्याभरात थेंब पुन्हा हजर. मग ऐकायला मिळतं, "पॅकिंग डुप्लिकेट निघालं." अहो, पॅकिंग नाही, निदान डुप्लिकेट होतं!

चेंबर म्हणजे इंजिनच्या तळाशी बसवलेलं ऑइलचं भांडं. ते सगळ्यात खाली असतं हाच त्याचा गुन्हा. वर कुठंही गळो, ऑइल ओघळत खाली येतं, चालत्या गाडीचा वारा त्याला मागे ढकलतो आणि शेवटी थेंब लटकतो तो चेंबरच्या काठाला किंवा ड्रेन नटला. पावसाळ्यात घर गळतं तेव्हा पाणी बादलीत पडतं, म्हणून आपण बादली बदलतो का? इथे मात्र खुशाल बदलतो, वर पैसेही देतो :-)

खरे संशयित बरेच असतात. टॅपेट कव्हरचं पॅकिंग, ऑइल फिल्टरचं रबर, ऑइल प्रेशरचा स्विच, क्रँकचं पुढचं किंवा मागचं सील, ड्रेन नटचा वायसर. आणि ज्याच्याकडे कोणी बघतच नाही तो ब्रीदर. पिस्टनच्या बाजूनं थोडा गॅस नेहमीच खाली क्रँककेसमध्ये उतरतो. तो बाहेर पडायची वाट म्हणजे ब्रीदर. ती काजळीनं तुंबली की आत दाब वाढतो आणि ऑइल जिथं कमकुवत जागा सापडेल तिथून बाहेर येतं. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला. कारंजा, शेलूबाजार, मालेगाव ही आमची गावं त्याच्यावर आली आणि गावात ४० च्या वर न जाणाऱ्या जुन्या कारही ताशी १२० नं तास तास पळायला लागल्या. ब्रीदर तुंबलेला असेल तर अशा गाडीत नवीन पॅकिंग टाकून काय होणार? दाब तसाच आहे, तो दुसरी फट शोधणार.

आमच्या काकांच्या मालवाहू पिकअपचं चेंबर एका वर्षात तीनदा खोललं गेलं. तिसरी वेळ तर ऐन सोयाबीनच्या हंगामात. मोंढ्यात माल न्यायचा सोडून गाडी दोन दिवस उभी, भाडी दुसऱ्याच्या गाडीला गेली. दिवाळीत मी आणि काकांनी मिळून इंजिन धुतलं आणि पाहिलं. ऑइल टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून येत होतं, ब्रीदरचा पाईप गच्च भरलेला. चेंबर बिचारं तिन्ही वेळा निर्दोष!

आणि हे शोधायला रॉकेट सायन्स लागत नाही. डिझेल आणि ब्रशनं इंजिन खालून-वरून धुवा, कोरडं होऊ द्या. संशयाच्या जागी अंगाची पावडर भुरभुरा. वीस-तीस किलोमीटर फिरवून आणा आणि टॉर्च मारून सर्वात वरचा ओला भाग शोधा. गळती तिथं असते, खाली नुसता ओघळ. रात्री गाडीखाली पुठ्ठा टाकला तर थेंबांची जागा आणि संख्याही कळते.

बरं, एवढं करून चेंबरच दोषी निघालं तर? जरूर खोला, पण नीट. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून कधीही खाली शिरू नका, स्टँड लावा. पेचकस घुसवून चेंबर उचकटू नका, कडेला चर पडला की तोच पुढची गळती. पत्र्याच्या चेंबरची कड नटांपाशी दबलेली असते, ती लाकडावर ठेवून हातोडीनं सपाट करा. दोन्ही बाजू तेलाचा अंश न ठेवता पुसा. दहा नंबरच्या पान्याचे ते छोटे नट साधारण १० न्यूटन-मीटरवर बसतात (नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो), मधून बाहेर, आळीपाळीनं. "अजून एक पिळ" दिला की कॉर्कचं पॅकिंग चिरडून बाहेर येतं. सिलिकॉन कंपनीनं सांगितलं असेल तिथंच, बारीक धार, आणि पूर्ण वाळू द्यायचं. थापलेलं जास्तीचं सिलिकॉन आत सुटतं, ऑइल पंपाच्या जाळीत अडकतं, प्रेशर जातं आणि बेअरिंग खलास. थेंब थांबवायला गेलात आणि इंजिन घालवून बसलात!

आता मिस्त्रींना शिव्या घालून मोकळं होणं सोपं आहे. पण मे महिन्यात ४४ डिग्रीत, लिफ्ट नसताना, तापलेल्या गाडीखाली झोपणाऱ्या माणसाला आपण काय म्हणतो? "लवकर करा, जायचंय." त्यानं दोन तास घालवून खरं कारण शोधलं आणि पाच रुपयांचा वायसर बदलला, तर "एवढ्याशा कामाचे चारशे?" म्हणून वाद कोण घालतं? आपणच. आपण पार्टचे पैसे देतो, शोधण्याचे देत नाही. सलाईन लावल्याशिवाय डॉक्टरची फी पटत नाही, तसं चेंबर खोलल्याशिवाय मिस्त्रीची मजुरी पटत नाही. मग तो चेंबरच खोलणार, त्याचंही पोट आहे. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये वेगळं काय चालतं म्हणा! स्क्रीनवर एरर दिसली की स्क्रीनचा कोड बदला, मूळ बिघाड डेटाबेसात सुखानं नांदतोय. कारण शोधण्याचे तास बिलात दाखवता येत नाहीत.

असो. काही वेळा तर काहीच करू नये हेच खरं निदान असतं. जुन्या इंजिनची कड ओलसर आहे, पण थेंब पडत नाही आणि डिपस्टिकवरची पातळी महिनाभर जागची हलत नाही, तर तो पाझर आहे. पुसा आणि लक्ष ठेवा. पातळी उतरत असेल, किंवा ऑइल गरम सायलेन्सरवर पडून वास येत असेल, तर मात्र आजच दाखवा.

तेव्हा पुढच्या वेळी कोणी "चेंबरचं पॅकिंग" म्हटलं की पाना लागायच्या आधी एवढंच विचारा, "भाऊ, सर्वात वरचा ओला भाग कुठं आहे?" त्यानं तो दाखवला तर त्या शोधण्याचे पैसे घासाघीस न करता द्या. वायसर पाच रुपयांचाच असला तरी.