एल्मरच्या पिशवीतलं खोडरबर

माझी सात वर्षांची भाची यंदा बेंगळुरूला राहायला गेली. नवी शाळा, नवी भाषा. रोज फोनवर रडायची. मी आपली "घाबरू नकोस गं" म्हणत राहायचे. मग व्हिडिओ कॉलवर रूथ स्टाइल्स गॅनेट यांचं 'माय फादर्स ड्रॅगन' वाचायला घेतलं. रोज एक प्रकरण.

१९४८ सालचं हे पुस्तक. छोटा एल्मर बेटावर बांधून ठेवलेल्या ड्रॅगनच्या पिल्लाला सोडवायला निघतो. पिशवीत तलवार वगैरे नाही. च्युइंगम, टूथब्रश, रिबिनी असलं काहीबाही. वाघ खायला येतात, त्यांना तो च्युइंगम देतो. गेंड्याचं शिंग पिवळं पडलंय, त्याला टूथब्रश. सिंहाची आयाळ गुंतलीय, त्याला कंगवा आणि रिबिनी. कुणाशीच मारामारी नाही.

परवा भाची म्हणाली, "मावशी, माझ्या बाकावरची मुलगी रागीट नाहीये गं. तिचं खोडरबर हरवलं होतं. मी माझं अर्धं दिलं."

माझं "घाबरू नकोस" महिनाभर कामी आलं नव्हतं. समोरच्याला काय हवंय ते बघ, हे एल्मरनं आठवडाभरात शिकवलं. तिला आणि मलाही.

तुमच्या पिशवीत काय आहे?