उजव्यांची यादवी : टाळ्या कसल्या पिटता?

बिजौली (झाशी)



रनिंग रूम असो, सॉर्टिंग ऑफिस असो की गँगची टूल बॉक्स असो, चार मराठी माणसे जमली की एक विषय हमखास निघतो. कोण कोणावर उलटला, कोणी कोणाचे चिन्ह पळवले, कोणाला कोणते खाते मिळाले नाही म्हणून तो रुसून गावी जाऊन बसला. मग त्यातला एखादा मांडीवर थाप मारून म्हणतो, "भांडू द्या लेकाच्यांना! आपसात लढून संपतील, आपले काम सोपे होईल."

हे वाक्य खोटे आहे, आणि कामगाराला झोपवणारे आहे. उजव्या पक्षांतली भांडणे आपण तीस-पस्तीस वर्षे पाहत आलो. त्या भांडणांनी ते संपले नाहीत. आपले हक्क मात्र त्याच काळात एकेक करून गेले. असे का झाले, याचा हिशेब मांडण्याची वेळ आली आहे.

झाशीचेच उदाहरण घ्या

बबिन्याकडे जाणाऱ्या लाइनीवरचे हे बिजौली झाशी लोकसभा मतदारसंघात येते. १ एप्रिल २००३ ला झाशी डिव्हिजन उत्तर-मध्य रेल्वेकडे गेले. त्याआधी ते आपल्या मध्य रेल्वेचेच होते. त्यामुळे येथे मराठी रेल्वे कामगारांची घरे आहेत, आणि येथले राजकारण त्यांनी जवळून पाहिले आहे.

१० नोव्हेंबर २००४ रोजी दिल्लीत भाजपच्या पदाधिकाऱ्यांची बैठक चालू होती. समोर कॅमेरे होते. अध्यक्ष लालकृष्ण अडवाणी यांचे बोलणे चालू असताना उमा भारती उभ्या राहिल्या, त्यांनी अध्यक्षांना तोंडावर आव्हान दिले आणि त्या बैठकीतून निघून गेल्या. सारा देश हे पाहत होता. शिस्तीच्या पक्षाची अब्रू अशी चव्हाट्यावर आल्यावर अनेकांनी त्या पक्षाचे मृत्युलेख लिहायला घेतले.

पुढे काय झाले? २००५ च्या अखेरीस हकालपट्टी झाली. २००६ मध्ये भारतीय जनशक्ती पक्ष निघाला. २००८ च्या मध्य प्रदेश विधानसभा निवडणुकीत उमा भारती स्वतः टीकमगढमधून पडल्या. जून २०११ मध्ये त्या वेळचे अध्यक्ष नितीन गडकरी यांनी त्यांना पक्षात परत घेतले. २०१४ मध्ये झाशीने त्यांना लोकसभेत पाठवले आणि त्या केंद्रात मंत्री झाल्या. उत्तर प्रदेशात कल्याण सिंग यांचीही तीच तऱ्हा. १९९९ मध्ये बाहेर, २००४ मध्ये आत, २००९ मध्ये पुन्हा बाहेर आणि शेवटी पुन्हा आत! २०१९ मध्ये झाशीची उमेदवारी वैद्यनाथ आयुर्वेद घराण्यातील उद्योगपती अनुराग शर्मा यांना मिळाली. २०२४ मध्येही येथून तेच निवडून आले.

आता या साऱ्या रुसव्या-फुगव्यांत कामगाराचा एक तरी प्रश्न होता काय? १ जानेवारी २००४ पासून केंद्र सरकारच्या सेवेत, सैन्यदले सोडून, नव्याने लागलेल्या प्रत्येकाची हक्काची पेन्शन गेली. उमा भारती मुख्यमंत्री होऊन त्या वेळी महिनाही झाला नव्हता. त्यापुढची सात वर्षे त्यांचे आणि पक्षाचे भांडण चालले ते नेतृत्वासाठी आणि खुर्चीसाठी. पेन्शन हा त्या भांडणाचा मुद्दा नव्हता. आणि २०१३ मध्ये काँग्रेस आघाडीच्या सरकारने पेन्शन निधी प्राधिकरणाचा कायदा आणला, तेव्हा एरवी संसद चालू न देणाऱ्या भाजपने त्याला पाठिंबाच दिला! खुर्चीसाठी हाडवैर आणि पेन्शन कापताना गळ्यात गळा, हे लक्षात ठेवा.

महाराष्ट्राचा तमाशा

महाराष्ट्राची कथा तर प्रत्येकाला तोंडपाठ आहे. १९९१ मध्ये छगन भुजबळ शिवसेनेतून गेले. २००५ मध्ये नारायण राणे गेले. त्याच वर्षी राज ठाकरे बाहेर पडले आणि ९ मार्च २००६ रोजी मनसे स्थापन झाली. २०१९ मध्ये मुख्यमंत्रिपदावरून पंचवीस-तीस वर्षांची भाजप-सेना युती तुटली. २३ नोव्हेंबर २०१९ ला भल्या पहाटे शपथविधी झाला आणि २६ तारखेला राजीनामा! जून २०२२ मध्ये एकनाथ शिंदे आमदार घेऊन आधी सुरतेला आणि तेथून गुवाहाटीला गेले. १७ फेब्रुवारी २०२३ ला निवडणूक आयोगाने पक्षाचे नाव आणि धनुष्यबाण शिंदे गटाला दिला. मग कोर्टकचेऱ्या, व्हिप, पात्र-अपात्र. एवढे कायद्याचे शब्द कामगाराने आपल्या चार्जशीटच्या वेळीसुद्धा ऐकले नसतील!

आता या तारखांशेजारी आपल्या तारखा लिहून पाहा.

ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस एसटीचे कामगार विलीनीकरणासाठी संपावर गेले. सरकार आघाडीचे आणि परिवहन खाते शिवसेनेकडे. भाजपच्या बाजूचे गोपीचंद पडळकर आणि सदाभाऊ खोत आझाद मैदानावर कामगारांत जाऊन बसले. कामगाराला वाटले, यांचे भांडण आपल्या कामी आले. ३० जून २०२२ रोजी सरकार बदलले. मैदानावर बसलेल्यांचा पक्ष सत्तेत आला. विलीनीकरण झाले? नाही झाले. भांडणाऱ्या दोन्ही बाजूंनी एसटीच्या ड्रायव्हर-कंडक्टरचा उपयोग करून घेतला, आणि काम झाल्यावर त्याला डेपोच्या फाटकावर सोडून दिले.

१४ मार्च २०२३ पासून राज्य सरकारी कर्मचारी जुन्या पेन्शनसाठी संपावर गेले. त्याच आठवड्यात सर्वोच्च न्यायालयात 'खरी शिवसेना कोणाची' या वादाची सुनावणी संपली. पहिल्या पानाची जागा कोणाला मिळाली, ते आठवून पाहा. २० मार्चला संप मागे घेतला गेला तेव्हा हातात आश्वासन होते, पेन्शन नव्हती.

२५ एप्रिल २०२३. सारा महाराष्ट्र त्या निकालाची वाट पाहत असताना डाक विभागाने एनएफपीई आणि ऑल इंडिया पोस्टल एम्प्लॉइज युनियन ग्रुप सी या संघटनांची मान्यता काढून घेतली. ठपका काय, तर शेतकरी आंदोलनासह बाहेरच्या कामांसाठी युनियनचा निधी वापरला! शेतकऱ्याला चार पैसे दिले म्हणून पोस्टमनची संघटना बेदखल! त्या वेळी भांडणाऱ्या किती गटांनी यावर एका वाक्याचे तरी निवेदन काढले?

जानेवारी २०२५ पासून रायगड आणि नाशिकच्या पालकमंत्रिपदांवरून महायुतीत एवढी धुसफूस झाली की जाहीर केलेल्या नेमणुका स्थगित कराव्या लागल्या. त्याच मंत्रिमंडळाने ३ सप्टेंबर २०२५ रोजी कारखान्यांतील कामाचे रोजचे तास ९ वरून १२ पर्यंत वाढवायला मंजुरी दिली. पालकमंत्री कोण यावर तिघांचे जमेना, पण कामगार बारा तास राबावा यासाठी कोणीही राजीनामा खिशातून काढला नाही. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी चार श्रमसंहिता लागू झाल्या. एकोणतीस कायदे गुंडाळले गेले. तीनशेपेक्षा कमी कामगार असलेल्या कारखान्याला टाळे लावायला सरकारची परवानगी लागेनाशी झाली. पूर्वी ही मर्यादा शंभरची होती. महाराष्ट्रात त्या दिवसांत नगरपालिकांच्या निवडणुका रंगल्या होत्या. महायुतीचे पक्ष ठिकठिकाणी एकमेकांवर तोंडसुख घेत होते. श्रमसंहितांवर मात्र त्यांचे एकमुखी मौन.

उत्तर प्रदेश तरी वेगळा कुठे आहे? मे २०२०, करोनाचा काळ, मजूर रस्त्याने पायी चाललेला. आणि येथल्या सरकारने बहुतेक कामगार कायदे तीन वर्षांसाठी बाजूला ठेवण्याचा वटहुकूम मंजूर केला! बिजौलीच्या औद्योगिक वसाहतीत फाटकाबाहेर उभ्या असलेल्या कंत्राटी कामगाराला विचारा, लखनौमध्ये कोणाचे कोणाशी पटत नाही याने त्याच्या मजुरीत किती फरक पडला.

भांडणाची झळ कोणाला?

हे भांडण नुसते निरर्थक असते तरी एक वेळ चालले असते. पण भाऊबंदकीत वरचढ ठरायला काहीतरी करून दाखवावे लागते, आणि ते करून दाखवले जाते गरिबाच्या पाठीवर. १९ ऑक्टोबर २००८ आठवा. रेल्वे भरतीच्या परीक्षेला मुंबईत आलेल्या उत्तर भारतीय उमेदवारांना मनसेच्या लोकांनी मारहाण केली. रेल्वेच्या जाहिराती मराठी वर्तमानपत्रांत येत नाहीत, ही मराठी मुलांची तक्रार रास्त होती. पण अडीच वर्षांच्या नव्या पक्षाला जुन्या शिवसेनेपेक्षा आपण अधिक मराठी असल्याचे दाखवायचे होते, आणि त्यासाठी मार खाल्ला नोकरी मागायला आलेल्या पोरांनी. परदेशी असलेल्या मराठी माणसाने, झाशी-भोपाळ-इटारसीला राहणाऱ्या आपल्या घरांनी, त्या दिवशी काय विचार केला असेल? उद्या येथले कोणी उठून म्हणाले की मराठ्यांनी दक्षिणेकडची गाडी पकडावी, तर? भरती बंद करणारा, जागा सरेंडर करणारा, ठेकेदार आणणारा साहेब मात्र दोन्हीकडे सुरक्षित राहिला.

आणि हे आजचे नाही. १९६८ मध्ये भारतीय कामगार सेना निघाली ती लाल बावट्याच्या युनियनी मोडण्यासाठीच. ५ जून १९७० रोजी परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला. गिरणगावात मराठी कामगाराच्या संघटनेला मराठीच्याच नावाने सुरुंग लावला गेला. १८ जानेवारी १९८२ ला अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, तोवर त्यांच्या मागे उभी राहणारी ती एकजूट मोडलेली होती.

अमेरिकेतही तोच खेळ

हा दोष फक्त आपल्या मातीचा नाही. अमेरिकेत जानेवारी २०२३ मध्ये रिपब्लिकन पक्षाला स्वतःचा सभापती निवडायला मतदानाच्या पंधरा फेऱ्या लागल्या. ३ ऑक्टोबर २०२३ ला त्याच पक्षाच्या आठ जणांनी विरोधकांबरोबर मत देऊन सभापती केविन मॅकार्थी यांना खाली खेचले. जून २०२५ मध्ये अध्यक्ष ट्रम्प आणि जगातले सर्वांत श्रीमंत गृहस्थ इलॉन मस्क यांची भर चौकात जुंपली. ट्रम्प यांच्या कर-विधेयकाला मस्क यांनी किळसवाणे म्हटले. जगभर करमणूक झाली. पण ४ जुलैला त्या विधेयकावर सही झालीच. श्रीमंतांच्या करसवलती पक्क्या झाल्या आणि गरिबांच्या औषधोपचाराच्या मेडिकेड योजनेला कात्री लागली. त्याआधी २७ मार्च २०२५ च्या एका हुकमाने बऱ्याच केंद्रीय खात्यांतल्या कर्मचाऱ्यांचा सामुदायिक वाटाघाटीचा हक्क काढून घेतला होता. कारण दिले राष्ट्रीय सुरक्षेचे. हे कारण आपल्याला अनोळखी नाही. १९७४ च्या रेल्वे संपात आपल्या हजारो साथींना तुरुंगात टाकणाऱ्यांची भाषाही अशीच होती!

कोणती भेग कामाची?

मग उजव्यांच्या फुटीतून कष्टकऱ्याला कधी काहीच मिळत नाही काय? मिळते. पण ती फूट खालून पाडावी लागते.

सप्टेंबर २०२० मध्ये अकाली दलाने केंद्रातले मंत्रिपद सोडले आणि मग आघाडीही सोडली. का सोडली? पंजाबचा शेतकरी रस्त्यावर उतरला आणि गावात पाऊल ठेवणे अवघड झाले म्हणून. पुढे वर्षभर शेतकरी दिल्लीच्या वेशीवर बसला आणि १९ नोव्हेंबर २०२१ ला तिन्ही कायदे मागे घेण्याची घोषणा करावी लागली. अमेरिकेतही डिसेंबर २०२५ मध्ये तेथल्या प्रतिनिधिगृहाने कर्मचाऱ्यांचा वाटाघाटीचा हक्क परत देणारे विधेयक २३१ विरुद्ध १९५ मतांनी मंजूर केले. वीस रिपब्लिकन आपल्याच अध्यक्षाच्या विरोधात गेले. विधेयक कायदा व्हायला अजून वरचे सभागृह आणि अध्यक्ष मधे आहेत. पण हे वीस मस्कच्या भांडणाने फुटले नाहीत. युनियनीने मतदारसंघातून दाब आणला तेव्हा फुटले. आपल्याकडे वीस वर्षे 'पेन्शन परत मिळणार नाही' म्हणणाऱ्या सरकारला ऑगस्ट २०२४ मध्ये यूपीएस आणावी लागली. ती जुनी पेन्शन नव्हे, पुरती तर नव्हेच. पण तेवढे हलले तेही कर्मचाऱ्यांच्या रेट्याने हलले. एखाद्या पुढाऱ्याचा रुसवा त्यामागे नव्हता.

फरक समजून घ्या, साथींनो. खुर्चीवरून पडलेली भेग खुर्ची मिळाली की बुजते. आपल्या दाबाने पडलेल्या भेगेतून मात्र काही ना काही आपल्या हाती लागते.

म्हणून उद्या कोणी विचारले, "तुम्ही या गटाचे की त्या गटाचे?" तर त्याला उलट विचारा : श्रमसंहितांवर तुझ्या नेत्याचे मत काय? जुन्या पेन्शनवर काय? रिक्त जागा कधी भरणार? ग्रामीण डाकसेवकाला खात्याचा कर्मचारी म्हणून दर्जा कधी देणार? पोस्टाच्या संघटनेची मान्यता काढली तेव्हा तुझा नेता कुठे होता? उत्तर लेखी मागा. ते ब्रँचच्या बोर्डावर लावा. उत्तर आले नाही तर तेही बोर्डावर लिहा.

आणि हेही स्पष्ट बोलू : आपल्याच दोन फेडरेशनांत, आपल्याच ब्रँचमध्ये, पदासाठी, पासासाठी, बदलीसाठी जी ओढाताण चालते ती कामगार पाहत असतो. ती थांबल्याशिवाय आपल्याला त्यांच्या यादवीवर हसण्याचा अधिकार नाही. गेटवरच्या सभेला झाशीचा खलाशी, भुसावळचा पॉइंट्समन आणि नागपूरचा सॉर्टर एका मागणीवर उभे राहिले, तरच सत्तेच्या घरातली भांडणे आपल्या उपयोगाची होतील.

टाळ्या पिटणे सोडा. सभासद नोंदणीचे पुस्तक हाती घ्या.

कामगार एकजुटीचा विजय असो!