पाच हजार वर्षांची बढाई आणि पाच वर्षांचं मत



खात्यातला जॉबर बदली कामगाराला म्हणाला, "मी आहे तोवर तू कायम होणार नाहीस," तर कामगार काय समजतो? एवढंच, की आधी ह्या जॉबरला हलवला पाहिजे! शहाणा जॉबर असं बोलत नाही. पण राज्याचे धनी म्हणवणारे बोलले.

२० नोव्हेंबर १९५५. गिरगाव चौपाटीवर काँग्रेसची सभा. मुंबई प्रदेश काँग्रेसचे अध्यक्ष स. का. पाटील यांनी बजावलं की, पाच हजार वर्षांनीसुद्धा मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही. मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांनी त्यावर कडी केली : काँग्रेस जिवंत आहे तोवर मिळणार नाही! सभेत दगड पडले. दगड म्हणजे लोकशाही नव्हे, हे आम्हीही म्हणतो. पण मुख्यमंत्र्याची जीभ सुटली, की तिच्यामागे पोलिसांच्या बंदुका असतात. दुसऱ्याच दिवशी फ्लोरा फाउंटनवर गोळ्या सुटल्या, १५ माणसं पडली. पुढे हुतात्म्यांचा आकडा शंभरापलीकडे गेला.

ह्या भाषेचा गुन्हा कोणता? नुसता अपमान नव्हे. लोकशाहीत जनता कौल देते तो पाच वर्षांसाठी. पाच हजार वर्षांचा निकाल व्यासपीठावरूनच लागणार असेल, तर मतपेटी हवी कशाला? वाद घालायचा कुणाशी? ही भाषा बोलणीच संपवते. मग उरतो रस्ता, आणि रस्त्यावर लाठी.

आणि स्वतःच्या पक्षाचं काय केलं? गावोगावच्या मराठी काँग्रेसवाल्यांनाही मुंबईसह महाराष्ट्र हवाच होता. पुढाऱ्यांनी त्यांना तोंड दाखवायला जागा ठेवली नाही. कम्युनिस्ट, प्रजासमाजवादी, शेकाप, जनसंघ ही एरवी एका पंगतीला न बसणारी मंडळी १९५६ साली एका समितीत आली. १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची दाणादाण उडाली. कराडला खुद्द यशवंतराव चव्हाण थोडक्यात वाचले! द्वैभाषिकाचं राज्य काँग्रेसच्या हाती राहिलं, ते दुसऱ्या भागांच्या जोरावर.

पाच हजार वर्षं भरली किती दिवसांत? १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र झाला. पाच वर्षंही पुरती लागली नाहीत! आणि तो काँग्रेस जिवंत असतानाच, काँग्रेसच्याच सरकारला करावा लागला. स. का. पाटील १९५७ ला निवडून आले, १९६२ लाही आले. पण १९६७ साली ह्याच मुंबईच्या मतदारांनी त्यांना जॉर्ज फर्नांडिस यांच्याकडून घरी बसवलं.

भावांनो, आज गिरणगावचे भोंगे थंडावले, पण सभा थांबलेल्या नाहीत. "आम्ही आहोत तोवर होणार नाही" असं कुठलाही पुढारी गरजला, तर त्याचा झेंडा कोणता ते पाहू नका. तो आपल्या बाजूचा असला, तर आधी त्यालाच खाली बसवा. परक्याचा मगरूरपणा ओळखायला डोळे पुरतात. आपल्या माणसाला थोपवायला छाती लागते. ती छाती गिरणगावानं पूर्वी दाखवली आहे. तिथं टाळी वाजवू नका!