भरवसा एकाच चुलीवर नको!

घरातली तूरडाळ संपली की आपण मूगडाळीचं वरण लावतो. तीही नसली तर शेजारच्या काकूंकडून वाटीभर उसनी आणतो. पण मुलांचं ताट रिकामं ठेवत नाही. कोणत्याही गृहिणीला कळणारं हे शहाणपण सरकारच्या पोषण आहारात का दिसू नये?

२०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने सहा महिने ते तीन वर्षांच्या बाळाला घरपोच आहाराचा हक्क दिला. रोज ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं. हा घास कोणी शिजवायचा, तेही सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००४ मध्येच सांगून ठेवलं होतं. अंगणवाडीच्या आहारात ठेकेदार नकोत, शक्यतो गावातल्या बचत गटांना, महिला मंडळांना काम द्या! तरीही आपल्या राज्यात मोठ्या पुरवठादारांचीच चलती राहिली. लहान गटांना झेपणार नाहीत अशा अटींची २०१६ ची निविदा अखेर २०१९ मध्ये न्यायालयाने रद्द केली.

एकच मोठा कारखाना म्हणजे एकच चूल. ती विझली की सगळेच उपाशी. २०२० च्या टाळेबंदीत हे मी डोळ्यांनी पाहिलं. एका वाडीत आहाराची गाडी तीन आठवडे आलीच नाही. त्याच वाडीत बचत गटाची गिरणी होती, गहू-हरभरा होता, भाजणीचा हात असलेल्या बायका होत्या. नव्हती ती फक्त ऑर्डर! आणि एरवी पाकिटं वेळेवर आली तरी काय? चव आवडली नाही म्हणून ती गुरांपुढे ओतलेलीही मी पाहिली आहेत.

केरळने वेगळी वाट धरली. तिथे 'कुटुंबश्री'च्या बायका गहू, हरभरा, सोयाबीन, शेंगदाणे, साखर यांचं 'अमृतम न्यूट्रिमिक्स' तयार करतात. राज्यभर अशी दोनशेहून जास्त लहान केंद्रं आहेत. एक बंद पडलं तर शेजारचं सांभाळून घेऊ शकतं. आपल्या उसन्या वाटीसारखंच की हे!

पण मैत्रिणींनो, नुसतं 'गटांना काम द्या' म्हणून भागणार नाही. आमच्या ओळखीच्या एका गटाने आहाराचं काम घेतलं. बिल चार महिने अडकलं. किराणावाल्याने उधारी थांबवली, एकीने कानातलं गहाण ठेवलं, शेवटी गटाने कामच सोडलं. नाव मात्र बायकांचंच खराब झालं! स्वच्छतेचे, तपासणीचे नियम कडक असावेतच, आपल्याच लेकरांच्या तोंडात जाणारं अन्न आहे ते. पण नियम पाळायला आधी प्रशिक्षण द्या, तपासणीची सोय जवळ करा, धान्य वेळेवर पोचवा आणि बिल महिन्याच्या आत चुकतं करा. दोन महिन्यांचा शिधा गावातच साठवायची सोय हवी आणि एक गट अडला तर काम कोण उचलणार, हेही आधीच ठरलेलं हवं.

पुढच्या ग्रामसभेला जाल तेव्हा एवढंच विचारा : आपल्या अंगणवाडीचा आहार कुठून येतो, आणि उद्या ती गाडी आली नाही तर? उत्तर मिळालं नाही, तर तिथून उठू नका.