इंटरनेटचा सातबारा कोणाच्या नावावर?

लातूरच्या बसस्टँडबाहेर कधी उभे राहिला असाल, तर हा पुकारा ऐकलाच असेल... 'नांदेड, नांदेड! अहमदपूर, लोहा, नांदेड!' आपण काय करतो? गाडीवाल्याचं परमिट विचारत नाही, लायसन बघत नाही. तो ओरडला, आपण बसलो, निघालो. बहुतेक वेळा पोहोचतोही.

तुमच्या हातातल्या मोबाइलचं इंटरनेटही असंच चालतं. पुकाऱ्यावर!

इंटरनेट म्हणजे एकमेकांना जोडलेली हजारो स्वतंत्र नेटवर्क्स. प्रत्येक नेटवर्क शेजाऱ्याला सांगतं, 'हे आयपी पत्ते माझ्याकडे आहेत, त्यांचा माल इकडे पाठवा.' शेजारी पुढच्याला सांगतो. ही सांगासांगी ज्या पद्धतीने होते ती बीजीपी, म्हणजे बॉर्डर गेटवे प्रोटोकॉल. कॉम्प्युटर आणि आयटीच्या पोरापोरींनी हे नाव परीक्षेपुरतं पाठ केलेलं असतं. पण खरी गोम वेगळीच आहे. सांगणारा खरं सांगतोय की खोटं, हे बीजीपी स्वतःहून तपासत नाही.

२४ फेब्रुवारी २००८ ची गोष्ट. पाकिस्तान सरकारने यूट्यूब बंद करायचा आदेश काढला. तो पाळताना पाकिस्तान टेलिकॉमने 'यूट्यूबचे पत्ते आमच्याकडे' असा पुकारा केला. तो देशाबाहेर पडला आणि जगभर पसरला. वर तो यूट्यूबच्या स्वतःच्या पुकाऱ्यापेक्षा जास्त नेमका होता. एक जण नुसतं 'नांदेड' ओरडतोय आणि दुसरा 'वजिराबाद, वजिराबाद', तर वजिराबादचा प्रवासी कुणाकडे जाईल? बीजीपीचा नियमही तोच, नेमका पत्ता सांगणारा जिंकतो. सुमारे दोन तास जगात ठिकठिकाणी यूट्यूब गायब!

हे तिकडे लांब घडलं म्हणून सोडून देऊ नका. १६ एप्रिल २०२१ ला आपल्याच देशातल्या व्होडाफोन आयडियाच्या नेटवर्कमधून तीस हजारांहून जास्त चुकीचे मार्ग जाहीर झाले. जगभरातला भलताच ट्रॅफिक तिकडे वळला.

मग यावर उपाय? तो तुमच्या आजोबांना विचारा. जमीन कुणाची, हे ओरडून ठरत नाही, सातबाऱ्यावर ठरतं. इंटरनेटच्या सातबाऱ्याला 'रूट ऑब्जेक्ट' म्हणतात. त्यात मुख्य गोष्टी दोनच. पत्त्यांचा गट कोणता आणि तो जाहीर करायचा हक्क कोणत्या नेटवर्क नंबरला. कित्येक मोठ्या कंपन्या या नोंदी बघूनच ठरवतात, की कुणाचा पुकारा ऐकायचा.

पण जुन्या काही नोंदवह्यांत कुणीही काहीही लिहून जायचं. म्हणून पुढची पायरी आली, आरपीकेआय. यातली नोंद, म्हणजे 'रोआ', डिजिटल सहीची असते. पत्ते ज्याच्या नावावर, त्यालाच ती करता येते. डिजिटल सहीचा सातबाराच म्हणा ना! भारतात पत्ते वाटण्याचं काम निक्सीच्या अखत्यारीतली 'आयआरआयएनएन' करते. २०२४ च्या मे महिन्यात जगातल्या आयपीव्ही४ मार्गांपैकी निम्म्याहून जास्त मार्गांना अशी नोंद झालेली होती. म्हणजे उरलेले अजून पुकाऱ्यावरच.

तुम्ही म्हणाल, 'आमच्या गावच्या नेटवाल्याला कोण कशाला हायजॅक करेल?' अहो, वर सांगितलेल्या दोन्ही घटनांत कुणी कुणावर डाव टाकला नव्हता. चूक झाली, बस्स. चूक गाव बघून येत नाही. आणि सीईटीचा फॉर्म भरायच्या शेवटच्या रात्री नेट गेलं, तर त्याची झळ लातूरच्या उद्योग भवनाजवळच्या रूमवर राहणाऱ्या पोरीला बसते.

एक खबरदारी मात्र हवीच. चुकीची नोंद नसलेल्या नोंदीपेक्षा वाईट. नेटवर्क नंबर बदलला आणि रोआ जुन्याच नावावर राहिला, तर आपला खराखुरा पुकाराही खोटा ठरतो आणि तपासणारी नेटवर्क्स तो टाकून देतात. जमीन विकली, पण फेरफार केलाच नाही, तसं. शिवाय रोआ फक्त मूळ मालक तपासतो, मधला रस्ता नाही. म्हणजे हे रामबाण औषध नव्हे. पण दाराला कडी तरी लागते.

म्हणून माझं स्पष्ट म्हणणं आहे, की नांदेड-लातूरच्या कॉलेजांनी हा विषय पुस्तकातून लॅबमध्ये आणावा. आपण अजून फक्त नेट वापरणारेच राहायचं का? ते सांभाळणारेही आपल्यातूनच व्हायला हवेत, आणि सुरुवातीला पैसा लागत नाही. आज रात्री आपला आयपी पत्ता शोधा. हरिकेन इलेक्ट्रिकच्या बीजीपी टूलकिटवर तो टाका. पत्त्यांचा गट कुणाच्या नावावर आहे, नोंद आहे का, ती बरोबर आहे का, ते बघा. कधी आपल्या नेटवाल्याचं नाव येईल, कधी त्याला नेट पुरवणाऱ्या मोठ्या कंपनीचं.

नोंद दिसली नाही, तर भांडू नका. बिल भरायला जाल तेव्हा सहज विचारा, 'काका, आपल्या पत्त्यांचा रूट ऑब्जेक्ट आणि रोआ केलाय का?' कदाचित ते म्हणतील, 'ते काय असतं?'

मग बसा शेजारी आणि सांगा. सातबारा त्यांनाही कळतोच.